गास्ताँ प्लान्ते

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील ऑर्थेझ या गावी २२ एप्रिल १८३४ रोजी गास्ताँ प्लान्ते यांचा जन्म झाला. विसाव्या वर्षी ते पॅरिस येथे एदमाँ बेकरेल या पदार्थविज्ञानवेत्त्याचे साहाय्यक झाले. १८५५ साली शहराजवळच्या म्यूदाँ येथे त्यांना एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे अश्मीभूत अवशेष सापडले. शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्यास प्लान्ते यांच्या नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ म्हटले. त्यांची खरी कीर्ती मात्र शिशाच्या दोन पत्र्यांवर उभी आहे.

त्या काळी विद्युत्घटातील जस्त झिजले की नवे घालावे लागे. शक्ती संपल्यावर पुन्हा भरता येईल असा कामाचा घट नव्हता. १८५९ साली प्लान्ते यांनी शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, मध्ये जाड कापड घातले आणि त्यांची गुंडाळी सौम्य गंधकाम्लात बुडवली. तीतून दुसऱ्या घटाचा प्रवाह सोडल्यावर एका पत्र्यावर तपकिरी थर चढला; प्रवाह तोडताच ती गुंडाळीच वीज देऊ लागली!

परंतु नवा घट फार दुबळा असे. तो भरावा, रिकामा करावा, उलट दिशेने भरावा, विसावा द्यावा, असे कित्येक महिने चालले म्हणजे शिसे सच्छिद्र होऊन त्यात अधिक वीज मावे. घट कितपत तयार झाला हे नुसते पाहून कसे कळणार? प्लान्ते त्यास प्लॅटिनमची बारीक तार जोडून ती किती वेळ लाल राहते ते पाहत. अशा तप्त तारेने मेणबत्ती पेटवण्याचे एक छोटे उपकरणही त्यांनी केले होते.

मोटारीच्या बॅटरीची परीक्षा आजही याच तत्त्वावर होते. भरलेला प्रत्येक घट सुमारे २ व्होल्ट दाब दाखवतो. पण खराब घटही रिकामा बसला असता जवळजवळ तेवढाच दाब दाखवतो, आणि भार पडताच मान टाकतो. म्हणून जाणता कारागीर भार जोडूनच दाब पाहतो. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीतील द्रव हायड्रोमीटरनेही तपासतात. वीज खर्च होताना आम्लाचा अंश पत्र्यांत जातो व द्रव पातळ होतो. पूर्ण भरलेल्या घटात त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते, घट रिता झाल्यावर ते १.१५ च्याही खाली उतरते. भरूनही एकच घट इतरांहून फार मागे राहिला, तर दोष त्यातच समजावा.

१८६० साली प्लान्ते यांनी नऊ घटांची बॅटरी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. कौतुक झाले, पण प्रसार झाला नाही. ती भरण्यास पुन्हा जस्ताचेच घट लागत. पुढे डायनामो आला आणि ही अडचण सरली. १८८१ साली कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला, तेव्हा महिन्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. प्लान्ते यांनी हे सारे पाहिले. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, म्यूदाँ येथेच त्यांचे निधन झाले.