विद्यार्थी भिवा : ७५० पैकी २८२ गुण



दहावीचा निकाल लागला की आपल्या नेरूळमध्ये काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सेक्टरच्या कोपऱ्यावर अभिनंदनाचे फलक लागतात, सोसायटीच्या ग्रुपवर टक्केवारी फिरते, आणि ज्याला ४० टक्के पडले तो मुलगा दोन दिवस खाली खेळायला उतरत नाही. म्हणून आजच्या पाठासाठी एक जुनी गुणपत्रिका घेऊ या.

१९०७ साली मुंबईच्या सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. गुण मिळाले ७५० पैकी २८२. टक्केवारी काढून बघा, ३८ सुद्धा भरत नाही. या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आपली मुले दरवर्षी निबंध लिहितात. त्यात संविधान असते, महाडचे चवदार तळे असते. शाळेतला भिवा मात्र दोन ओळींत उरकला जातो. खरे तर शिक्षकांनी आणि पालकांनी वाचायचा भाग तोच आहे.

साताऱ्याची शाळा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. रामजी आणि भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील सैन्यात सुभेदार होते आणि सैन्याच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. म्हणजे भिवा हा शिक्षकाचाच मुलगा, बरं का!

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच १८९६ मध्ये आई गेली. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे घर सांभाळले ते मीराआत्याने.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीत दाखल झाले. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. तेथील रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर त्याची नोंद आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, तो या प्रवेशामुळे.

प्रवेश मिळाला, पण वर्गात बसायचे कुठे? अस्पृश्य मानलेल्या जातीतला म्हणून त्याला कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट, तेही स्वतःचे. शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर इतर मुले नळाला जात. याने आधी शिक्षकांना विचारायचे, मग शिपायाने नळ सोडायचा. शिपाई जागेवर नसला तर त्या दिवशी पाणी नाही. न्हावी केसांना हात लावत नसत, म्हणून भावांचे केस बहीण कापायची. या आठवणी पुढे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

त्याच शाळेत एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत असत. बाबासाहेब ही गोष्ट मोठेपणीही विसरले नाहीत.

आणि भिवा काही आदर्श विद्यार्थी वगैरे नव्हता. अभ्यासात लक्ष नव्हते. घर सोडून मुंबईला पळावे आणि गिरणीत काम करावे, असे त्याच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी काढायचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत निघाला अर्धा आणा! त्या लाजेने तो बदलला. पळून जायचे सोडून त्याने अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले. थोड्याच दिवसांत शिक्षक रामजींना सांगू लागले, की या मुलाला शक्य तितके शिकवा.

डबक चाळीतली एक खोली

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत राहायला आले. खोली एकच. तीत चूल आणि तिचा धूर, भांडी, जाते, शेळी आणि घरची सगळी माणसे. सगळे झोपल्याशिवाय अभ्यासाला जागा होणे शक्य नव्हते.

यावर रामजींनी काढलेला उपाय पालकांनी जरूर वाचावा. ते मुलाला लवकर झोपायला लावत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोन वाजले की भीमला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. रॉकेलच्या दिव्यावर मुलगा पहाटेपर्यंत वाचत बसे. रामजी तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवरून त्याच्याकडून इंग्रजी घोटून घेत. पुस्तकाला पैसे कमी पडले तर लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिचा दागिना गहाण पडे आणि पेन्शन आली की सोडवून आणला जाई.

एल्फिन्स्टन हायस्कूल हे मुंबईतले नावाजलेले सरकारी विद्यालय. पण एकदा शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात धावपळ उडाली. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले होते. ते बाटू नयेत म्हणून मुले आधी डबे काढायला धावली आणि मगच भीमराव फळ्यापाशी पोहोचला. त्याला संस्कृत शिकायचे होते. संस्कृतच्या शिक्षकांनी शिकवायला नकार दिला, म्हणून फारशी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवले.

आता ते २८२ गुण पुन्हा एकदा बघा. त्यात गोणपाट कुठे दिसते का? शिपायाची वाट बघणे, नाकारलेले संस्कृत, पहाटेचे दोन? गुणपत्रिकेत या गोष्टींना रकानाच नसतो.

चर्नी रोडची बाग

शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथेच फिरायला येणारे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचे त्याच्याकडे लक्ष गेले. ते त्याच्याशी बोलू लागले, वाचायला पुस्तके देऊ लागले. लक्षात घ्या, हा मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता. त्याच्या निकालाशी गुरुजींचा काही संबंध नव्हता.

मॅट्रिकच्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा गुरुजीच त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर त्यांचा मुलगा अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

त्यापुढचे तुम्हाला माहीत आहे. कोलंबियाची एम. ए. आणि पीएच. डी., लंडनची एम. एस्सी. आणि डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टर. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २९ नुसार सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाचा प्रवेश नाकारता येत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वर्गात आणि घरात हा पाठ घेताना

एक विनंती आहे. बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला तर सगळं मिळतंय, असं म्हणून मुलांना टोचू नका. हाल सोसल्यामुळे बाबासाहेब मोठे झाले, असा उलटा अर्थ मुले त्यातून काढतात. हाल होते म्हणून अडले, आणि वडील जागले, एका परक्या शिक्षकाने पुस्तक दिले म्हणून वाट मोकळी झाली, असे सांगा.

आपल्या नेरूळमध्येही वन रूम किचनमध्ये पाच-सहा माणसे राहणारी घरे आहेत. महापालिकेच्या शाळेतली काही मुले शाळा सुटल्यावर आईवडिलांच्या कामाला हात लावतात. घटक चाचणीचे गुण सांगण्याआधी पालकसभेत एवढेच विचारा : घरात अभ्यासाला जागा कुठे आहे? घर शांत कधी असतं? तेव्हा मुलाजवळ कोण जागं असतं? उत्तरे वहीत गुणांच्या शेजारी लिहून ठेवा. एखाद्या मुलासाठी शाळेची एक खोली तासभर जास्त उघडी ठेवता आली, तरी पुष्कळ फरक पडतो.

७ नोव्हेंबर अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या आगेमागे येतो आणि विद्यार्थी दिवस राहून जातो. यंदा शाळा उघडल्यावर एक तास त्यासाठी ठेवा. भाषणे नकोत. मुलांना हा पाठ वाचून दाखवा आणि एकच प्रश्न द्या : आपल्या वर्गात आज कोण एकटं बसतं?

उत्तरे कागदावर, नाव न घालता घ्या. मग पुढच्या सोमवारी बाकांची रचना बदला.