टेट्रिसच्या धूनमागचा कवी

पाचोऱ्याहून जळगावला कॉलेजला जाताना कानात काय वाजतं, हा तुमचा प्रश्न. पण एकदा टेट्रिसचा एखादा सिंथ-पॉप रिमिक्स लावून बघा. खाली ऐंशीच्या दशकातल्या ड्रम मशीनचा ठोका, मध्ये सिंथेसायझरचा जाड बेस आणि वर ती धून. आधी जरा दबकत येते, मग धावतच सुटते. काय भो, ओळखीची वाटते ना?

टेट्रिस खेळला नसाल, तर ब्रिक गेम आठवा. जत्रेत मिळणारा, पेन्सिल सेलवर चालणारा तो डबा. वरून विटा पडायच्या, आपण त्या ओळीत बसवायच्या. तुमच्या काकाने किंवा मोठ्या भावाने तो नक्की खेळलेला असणार. तो टेट्रिसचाच चुलतभाऊ. अलेक्सी पाजितनोव यांनी मॉस्कोत १९८४ मध्ये टेट्रिस बनवला. १९८९ मध्ये तो निन्टेंडोच्या गेम बॉयवर आला. गेम बॉयला एका वेळी चारच आवाज काढता यायचे. तेवढ्यात हिरोकाझू तानाका यांनी एक जुनं रशियन लोकगीत बसवलं आणि ते जगभर पोचलं. १९९२ मध्ये अँड्र्यू लॉइड वेबर यांनी नायजेल राइट यांच्यासोबत ‘डॉक्टर स्पिन’ या नावाने त्याचा डान्स रिमिक्स काढला, तो ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेला. तेव्हापासून चाहते या धूनला सोडायला तयार नाहीत.

त्या लोकगीताचं नाव ‘कोरोबेनिकी’, म्हणजे पाठीवर माल घेऊन गावोगाव फिरणारे फेरीवाले. चाल बांधणाऱ्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. पण शब्द लिहिणारा माणूस माहीत आहे. त्याचं नाव निकोलाय नेक्रासोव.

त्याचा जन्म १८२१ चा. बालपण गेलं व्होल्गा नदीकाठच्या ग्रेश्नेवो गावात. वडील निवृत्त लष्करी अधिकारी आणि जमीनदार, स्वभावाने क्रूर. तेव्हा रशियात शेतकरी हा जमिनीसोबत जमीनदाराच्या मालकीचा असायचा. वडील या कुळांना कसं वागवतात, हे पोरगा रोज बघत होता. नदीवर माणसं दोराने मालाच्या होड्या ओढायची, तेही बघत होता. हे चित्र त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेलं नाही.

१८३८ मध्ये वडिलांनी त्याला सैन्यात भरती व्हायला सेंट पीटर्सबर्गला पाठवलं. वय १६. पोराने तिथे जाऊन ठरवलं, आपल्याला युनिव्हर्सिटीत शिकायचंय. वडिलांनी पैसे बंद केले. बरं, प्रवेश परीक्षेतही तो नापास झाला! मग उपासमार. हॉटेलात शिरायचं, वाचायच्या निमित्ताने पेपर तोंडासमोर धरायचा आणि टेबलावरचा पाव गुपचूप खायचा, असे दिवस काढल्याचं तो पुढे स्वतःच सांगायचा. १८४० मध्ये पहिला कवितासंग्रह काढला, तोही आपटला. समीक्षकांनी धुतलं, तेव्हा त्याने न विकलेल्या प्रती गोळा करून नष्ट केल्या. तुमचा पहिला ट्रॅक कुणी ऐकला नाही म्हणून नाराज असाल, तर हे लक्षात ठेवा.

पण गडी चिवट होता. पडेल ते लिखाण केलं, संपादन शिकला. १८४७ पासून त्याने मित्रासोबत ‘सोव्रेमेन्निक’ हे मासिक चालवायला घेतलं. खुद्द पुश्किनने सुरू केलेलं हे मासिक. टॉलस्टॉयची पहिली कथा त्यानेच त्यात छापली, १८५२ मध्ये.

१८६१ मध्ये रशियातली ती भूदासप्रथा कायद्याने संपली. त्याच वर्षी नेक्रासोवने ‘कोरोबेनिकी’ ही दीर्घ कविता लिहिली आणि अर्पण केली एका शेतकरी मित्राला. गोष्ट अशी. एक म्हातारा आणि एक तरुण, दोघं फेरीवाले. तरुणाची कात्यावर मायेची नजर. ती त्याला उंच वाढलेल्या राईच्या शेतात भेटते. तो पेटारी उघडून सगळा माल तिच्यापुढे ठेवतो. ती बाकी सगळं परत करते, फक्त एक अंगठी ठेवून घेते. लग्न ठरतं. माल विकून, पैसे गाठीला बांधून दोघं परत निघतात, जंगलातला जवळचा रस्ता धरतात आणि तिथला रखवालदार त्यांना गोळ्या घालतो. नंतर दारूच्या गुत्त्यात तो बढाई मारतो आणि पकडला जातो. कात्या वाटच बघत राहते.

नेक्रासोवला ही कविता शेतकऱ्यांच्या हातात जायला हवी होती. म्हणून त्याने १८६२ मध्ये लाल रंगाची छोटी पुस्तिका छापली, किंमत फक्त ३ कोपेक. आणि ती विकायची कुणी? गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्यांनीच! अशी आणखी एक पुस्तिका निघाली आणि सरकारने हा उद्योग थांबवला. पण गाणं थांबलं नाही. लोकांनी कवितेचा सुरुवातीचा, शेतातल्या भेटीचा भाग उचलला, शब्द इकडेतिकडे केले, चाल लावली. खून गळाला, नाच उरला. खरं तर हाच पहिला रिमिक्स.

आपल्याकडे आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी आधी ओठांवर होती, कागदावर नंतर आली. नेक्रासोवचं उलटं झालं. कागदावरचं गाणं ओठांवर गेलं आणि कवीचं नाव मागेच राहिलं.

तो काही संत नव्हता. पत्त्यांचा जुगार खेळायचा, पैसा आल्यावर थाटात राहायचा. १८६६ मध्ये झारवर हल्ला झाला आणि सरकार पेटलं. मासिक वाचावं म्हणून त्याने बंडखोरांना चिरडणाऱ्या एका जनरलची स्तुती करणारी कविता भर मेजवानीत वाचली. मासिक त्याच वर्षी बंद पडलं ते पडलंच. त्या कवितेची टोचणी त्याला शेवटपर्यंत राहिली. दोन वर्षांनी त्याने दुसरं मासिक हाती घेतलं आणि पुन्हा शेतकऱ्यांवर लिहीत राहिला.

जानेवारी १८७८ मध्ये कॅन्सरने तो गेला. कडाक्याच्या थंडीत हजारो लोक अंत्ययात्रेला आले, त्यात विद्यार्थी खूप. कबरीपाशी दस्तयेव्हस्की बोलला.

आता तुमच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर सिंथचं ॲप असेल, तर ही धून तुम्हीही वाजवणार. वाजवाच. लोकांनी आपलंसं करावं म्हणूनच तर त्याने ती पुस्तिका ३ कोपेकला काढली होती. फक्त अपलोड करताना डिस्क्रिप्शनमध्ये गेम बॉयच्या, तानाकांच्या खाली आणखी एक ओळ टाका: मूळ गाण्याचे शब्द, निकोलाय नेक्रासोव, १८६१. टाइप करायला अर्धा मिनिटही लागत नाही.