लोकमान्यांचे अंत्यदर्शन

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीस झाला. तरुणपणी त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे ‘केसरी’ पत्रातून ते लोकांची गाऱ्हाणी निर्भयपणे मांडू लागले. त्यांच्या लेखांबद्दल १९०८ साली इंग्रज सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली व दूर ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात ठेवले. तेथेही ते खचले नाहीत. ‘गीतारहस्य’ हा थोर ग्रंथ त्यांनी त्या एकांतातच लिहिला.

लोकांपासून दूर नेले, तरी लोक त्यांना विसरले नाहीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांनी देह ठेवला. त्या दिवसाची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. एकात पद्मासनात बसविलेला त्यांचा देह दिसतो, तर दुसऱ्यात रस्ता भरून वाहणारा अफाट जनसमुदाय. पाऊस कोसळत होता, तरी लाखो लोक अंत्ययात्रेत चालले. महात्मा गांधींनीही खांदा दिला. गिरगाव चौपाटीच्या वाळूत चंदनाची चिता पेटली.

‘लोकमान्य’ ही पदवी कोणत्याही सरकारने दिलेली नव्हती. ती ज्यांनी दिली, ते लोक या छायाचित्रांत आहेत. त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. पण त्यांचे प्रेम मात्र तेथे स्पष्ट दिसते.