शिक्षा आणि बक्षीस, दोन्ही नाकारणाऱ्या ताराबाई मोडक

मुलाला वळण लावायचे तर एका हातात छडी आणि दुसऱ्या हातात खाऊ हवा, ही समजूत विसाव्या शतकाच्या प्रारंभी घरोघरी दृढ होती. या समजुतीला आव्हान देणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. ताराबाईंनी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. मात्र ते सहजीवन टिकले नाही. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले आणि ते मानाचे पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. प्राचार्यपदावरून बालमंदिरात येणे ही त्या काळी पायरी उतरण्यासारखीच गोष्ट मानली गेली असणार.

गिजुभाईंच्या बालमंदिराचा आधार होता मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती. रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू केल्यानंतर माँटेसरी यांनी पाहिलेला एक प्रसंग बोलका आहे. हुशारीबद्दल गळ्यात पदक घातलेला एक मुलगा कामात गढलेला होता, तर दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवले होते. पदक खाली पडले. शिक्षा झालेल्या मुलाने ते उचलले, तर पहिल्याने ते त्यालाच देऊन टाकले आणि तो आपल्या कामाला लागला. दुसराही पदक मिरवत आनंदाने बसून राहिला. कामात रमलेल्या मुलाला पदकाची गरज उरली नव्हती, आणि शिक्षेनेही काही साधले नव्हते.

मग मुलाला आपली चूक कळावी कशी? माँटेसरी साधनांत त्याचे उत्तर आहे. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दट्ट्या बसवताना एखादी चुकली, तर शेवटी एक दट्ट्या उरते. मूल पुन्हा जुळवू लागते. कोणी रागवावे लागत नाही. अर्थात हे स्वातंत्र्य बेबंद नव्हते. दुसऱ्याला इजा करणारे किंवा त्याच्या कामात अडथळा आणणारे वर्तन थांबवलेच जाई. भय आणि लालूच या दोहोंनी मूल आपल्या कृतीकडे न पाहता मोठ्यांच्या तोंडाकडे पाहू लागते, हा या विचाराचा गाभा होता.

नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली. संघाच्या 'शिक्षण पत्रिके'द्वारे ताराबाईंनी हा विचार मराठी पालकांपर्यंत पोहोचविला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. तथापि, शहरातील सुशिक्षित घरांत रुजलेली ही पद्धती गरिबांच्या मुलांना लागू पडेल काय, हा प्रश्न शिल्लक होता.

त्याच्या उत्तरासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सहकारी झाल्या. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' या कल्पनेचा उगम याच प्रयोगात सापडतो.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथील वारली मुले गुरे राखायला जात. गैरहजेरीबद्दल दंड केला असता किंवा हजेरीबद्दल बक्षीस लावले असते, तरी गुरे राखणारे दुसरे कोणी घरात नव्हते. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हा बहुधा त्यांच्या कार्यातील सर्वांत धाडसी प्रयोग म्हणता येईल.

भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी १९९२ मधील आपल्या निधनापर्यंत पुढे चालविले. शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. बक्षिसांविषयी मात्र हा कायदा काही सांगत नाही.