पंडिता रमाबाई व सेवेचे शिक्षण

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे नाव निघाले की, त्यांचे संस्कृतातील पांडित्य व बायबलाचे भाषांतर आपणांस आठवते. परंतु या बाईंस ऐकू कमी येत असे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

बाईंचा जन्म १८५८ साली झाला. तरुणपणीच दुष्काळाने त्यांचे आईबाप नेले. १८८२ साली वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यास हंटर कमिशनापुढे साक्ष देताना स्त्रियांस शिक्षिका व वैद्य होण्याचे शिक्षण मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण कानांच्या दोषामुळे वैद्यकाची वाट बंद झाली. बाई खचल्या नाहीत. १८८६ साली अमेरिकेस जाऊन त्यांनी लहान मुलांस शिकविण्याची बालोद्यान पद्धत अभ्यासिली. दुसऱ्याची सेवा करावयाची तर आधी आपण शिकले पाहिजे, हा धडा त्यांनी आचरणाने दिला.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली आणून बाईंनी केडगावी मुक्ति सदन वसविले. त्यांत आंधळ्या व दुबळ्याही होत्या. आंधळ्यांकरिता बार्तिमी सदन व वृद्ध-अशक्तांकरिता प्रीति सदन झाले. आंधळ्या मुली बोटांनी ब्रेल लिपी वाचू लागल्या व हातकाम करू लागल्या. निराधार मुलींस फी कोठली? तरीही त्यांतून शिक्षिका, परिचारिका व मुलींची देखरेख करणाऱ्या बाया तयार झाल्या. जिला कोणी उचलून आणले होते, तीच दुसरीस हात देऊ लागली! ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूकडे गेल्या.

आमच्या वाशीमास १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर यांच्या हातून रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ सुरू झाले व तेथे परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. परंतु रिसोड, मालेगाव, मानोरा या बाजूंच्या खेड्यांत अंथरुणास खिळलेल्या मुलास उचलणारी त्याची एकटी आईच असते. तिला कोण शिकवितो? रोग्यास दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे पाठीस जखमा होत नाहीत. त्यास टेकवून बसवून भरवावे, म्हणजे ठसका लागत नाही. आंधळ्यास ओढू नये, आपले कोपर धरू द्यावे. आणि काहीही करण्यापूर्वी त्याची इच्छा विचारावी. या गोष्टींस पैसा लागत नाही, पण शिकावे लागते. न शिकलेली माया कित्येकदा इजा करिते.

प्रियजनहो, मंडळीतील एखाद्या परिचारिका भगिनीने महिन्यातून एक दुपार द्यावी व अशा घरांतील माणसांस हे फुकट शिकवावे. त्या दुपारी घरच्या रोग्याजवळ बसण्यास आपल्यांपैकी कोणी जाईल काय? थकलेल्या त्या आईस तेवढा विसावा मिळाला, तरी रमाबाईंचे स्मरण खरे झाले, असे आम्ही समजू.