न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

वाचक हो, सुप्याहून कधी मुंबईस गेलात, तर बोरीबंदर स्टेशनबाहेर येताच समोर अंजुमन-ए-इस्लामची दगडी इमारत दिसेल. ज्यांनी १८७४ साली ही संस्था उभारली, त्यांतले एक मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांचा जन्म १८४४ चा, मुंबईचा. वडील तय्यबअली व्यापारी होते. इंग्रजी शिक्षणाने मुले बिघडतात अशी समाजाची समजूत असताना त्यांनी मुलांना विलायतेस धाडले. बद्रुद्दीन तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. डोळ्यांच्या विकाराने त्यांना शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. पण वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. विद्यार्थी मित्रांनो, ते अर्धवट परतलेले वर्ष लक्षात असू द्या.

पुढे म्युनिसिपालटी, कायदे कौन्सिल, आणि १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष. यावरून सर सय्यद अहमद खानांशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे, असे सर सय्यदांचे मत. बद्रुद्दीन यांचे म्हणणे असे, की न पटणाऱ्या गोष्टीला आत राहूनच विरोध करावा. ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी वा जवळजवळ एकमुखी विरोध असेल, तो काँग्रेसने घेऊ नये, असा नियम १८८८ मध्ये झाला तो त्यांच्याच आग्रहाने. तरी समाजातला विरोध पाहून, अधिवेशने निदान पाच वर्षे थांबवावीत, असेही त्यांनी ह्यूमसाहेबांना कळविले होते. ते कोणी मानले नाही. थोरांच्या चरित्रातही असे डगमगण्याचे क्षण असतात. ते झाकण्याचे कारण नाही.

१८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दोन वर्षांनी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांचा जामीन आधी मॅजिस्ट्रेटने व मग हायकोर्टातल्याच दोन न्यायमूर्तींनी नाकारला होता. त्या दोघांत खुद्द रानडे होते! रँडच्या खुनामुळे सरकार खवळलेले. अशा वेळी अर्ज बद्रुद्दीन यांच्यापुढे आला आणि त्यांनी टिळकांना जामिनावर सोडले. पुढे टिळकांना शिक्षा झालीच, पण बचावाची तयारी त्यांना मोकळेपणी करता आली.

पालकांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींनाही शाळेत घातले. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे शेकडो पाहुण्यांसमोर त्यांनी पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध स्पष्ट मत मांडले. ते अनेकांना रुचले नाही.

१९०६ च्या ऑगस्टमध्ये लंडन येथे त्यांचा इंतकाल झाला.