पशुवैद्य नोकार आणि बुबुळाचा व्रण

शेतात राबताना डोळ्यात मातीचा कण जातो आणि काही दिवसांनी बुबुळावर पांढरट ठिपके उमटतात. अशा व्रणांपैकी मोजक्यांच्या मुळाशी ‘नोकार्डिया’ हा जीवाणू असतो. ज्यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले, ते एदमों नोकार नेत्रवैद्य नव्हते. ते गुराढोरांचे डॉक्टर होते.

२९ जानेवारी १८५० रोजी फ्रान्समधील प्रोव्हँ येथे त्यांचा जन्म झाला. पॅरिसजवळील आल्फोरच्या पशुवैद्यक विद्यालयात ते शिकले, तेथेच प्राध्यापक आणि पुढे संचालक झाले. १८८३ मध्ये कॉलऱ्याचा शोध घेण्यासाठी लुई पाश्चर यांनी इजिप्तला धाडलेल्या पथकात तेही होते. अलेक्झांड्रियात त्यांचा तरुण सहकारी लुई थुइलिए कॉलऱ्यानेच दगावला. जंतू शोधण्याचे श्रेय जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांच्याकडे गेले.

१८८८ मध्ये नोकार यांनी ग्वाडलूप बेटावरील गुरांच्या एका रोगातून तंतूंसारखा, फांद्या फुटणारा जीवाणू वेगळा केला. पुढच्याच वर्षी त्रेव्हिसान या इटालियन शास्त्रज्ञाने त्या वंशाला नोकार यांचे नाव दिले. गंमत अशी, की नोकार यांचा म्हणून जपलेला जीवाणू दोन संग्रहांत दोन निरनिराळ्या वंशांचा निघाला. त्यावर शास्त्रज्ञ बराच काळ वाद घालत राहिले.

गुरांच्या क्षयाचे निदान ट्युबरक्युलिनने करावे, हा त्यांचा ध्यास होता. गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसे भय नाही, असे कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत नोकार होते. २ ऑगस्ट १९०३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी ते निवर्तले.

बुबुळावरील नोकार्डिया फसवा असतो. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पुष्पचक्रासारखे मांडलेले दिसतात; पण पुष्कळदा तो बुरशीचा व्रण समजला जातो. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे थेंब घातले तर दुखणे बळावते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने या व्रणांचा बारकाईने अभ्यास केला आहे. व्रण खरवडून घेतलेला नमुना रंगवताना क्षयाच्या तपासणीतले तीव्र आम्ल वापरले तर या जंतूचा रंग निघून जातो. म्हणून एक टक्का सल्फ्युरिक आम्ल वापरतात. मग बारीक, मण्यांसारखे तुटक तंतू दिसतात. संवर्धनात तो सावकाश वाढतो. बशी दोन दिवसांत टाकून दिली तर निदान हुकते. जंतू ओळखला गेला, की अमिकासिनचे थेंब बहुधा लागू पडतात.